फीड रीडर आणि गेटची ड्यूटी

आमच्या शाळेच्या गेटवर सकाळी दोन शिक्षक उभे असतात. उशिरा येणाऱ्यांना अडवायचं, नखं बघायची, पालकांच्या स्कूटर दारातच थांबू द्यायच्या नाहीत, अशी ती ड्यूटी. कर्वेनगरच्या या शाळेत मी ग्रंथपाल म्हणून लागले, त्याच्या दुसऱ्या वर्षी पर्यवेक्षिका बाईंनी नवं वेळापत्रक काढलं आणि आठवड्याचे सगळे दिवस गेटवर माझं नाव लिहिलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. बाकीच्यांना वर्ग असतात, वह्या असतात. ग्रंथपालाला सकाळी काय असतं? पुस्तकं काही पळून जात नाहीत.

मी त्यांना म्हटलं, की परिपाठाआधीचा तो अर्धा तास मला वाचायला हवा आहे.

"काय वाचायला?"

"इंटरनेटवरचं."

हे वाक्य मी हडपसरहून स्वारगेटपर्यंत बसमध्ये मनात घोळवत आणलं होतं. तरीही ते असंच बाहेर पडलं. पर्यवेक्षिका बाईंनी चष्मा वर केला. त्या गणित शिकवतात. समोरच्याची पायरी कुठे चुकली ते त्यांना लगेच दिसतं.

"म्हणजे आम्ही पोरांची नखं बघायची आणि तुम्ही मोबाइल."

मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणते, शेजारीच सह्या करत होत्या. त्यांनी मान वर न करता निकाल दिला. "दिवाळीपर्यंत बघू. तोपर्यंत अर्धा तास यांचा. उपयोग दिसला तर ठेवू, नाहीतर गेट."

मी गेटवर उभी राहायला घाबरत होते असं नाही. पण तो अर्धा तास गेला, तर माझ्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग जाणार होता आणि तो भाग कुणाला दिसतच नव्हता. न दिसणाऱ्या गोष्टीसाठी भांडणं फार अवघड असतं. त्यातून मी कमी बोलणारी. इंग्रजी शाळेत शिकले असल्यामुळे स्टाफरूममध्ये माझं बारसं 'कॉन्व्हेंट' असं झालेलं होतं. मी गप्प बसले की त्यांना वाटायचं, मला मराठी सुचत नाही. मला मराठी व्यवस्थित सुचतं. आमच्या घरी हॉलमध्ये टीव्हीपेक्षा पुस्तकांचं कपाट मोठं आहे आणि त्यातली निम्म्याहून जास्त पुस्तकं मराठी आहेत. मला फक्त लोकांसमोर बोलायला लागलं की मान गरम होते. ती कुठल्याही भाषेत होते.

तर, मी सकाळी काय वाचत होते ते सांगते.

शाळेच्या ग्रंथपालाला आता दोन कपाटं सांभाळावी लागतात. एक खोलीतलं. त्याला कुलूप आहे, त्यातली पुस्तकं मोजता येतात. दुसरं इंटरनेटवरचं. त्याला दार नाही आणि ते सतत भरत असतं. नवी बालपुस्तकं कोणती आली, कुठल्या मासिकाचा अंक निघाला, दुसऱ्या शाळेतल्या ग्रंथपालानं मुलांना वाचतं करायला काय युक्ती काढली, आठवीच्या विज्ञानाच्या धड्यात जे आहे त्यात नवीन काय सापडलं, हे सगळं तिथे असतं. शिक्षक येता-जाता मला विचारतात, "काहीतरी द्या ना पाणी या विषयावर, जरा वेगळं." ते वेगळं आयत्या वेळी शोधायला गेलं की मिळत नाही. आधीपासून वाचलेलं असावं लागतं.

पहिल्या सत्रात मी हे फार वाईट रीतीनं केलं. चांगलं काही दिसलं की त्याचा स्क्रीनशॉट काढायचा, लिंक स्वतःलाच पाठवायची. माझ्या फोनमध्ये माझ्याशीच झालेल्या संभाषणाचा एक लांबलचक पट्टा तयार झाला. त्यात काय कुठे आहे हे मलाही कळेना. वर सगळ्या साइट रोज उघडून नवीन काही आलंय का ते बघायचं. निम्म्या ठिकाणी काहीच आलेलं नसायचं. उरलेल्या निम्म्या ठिकाणी गेलं, की मी भलतंच काहीतरी वाचत बसायची.

मग मी फीड रीडर वापरायला लागले. पुण्यात मासिकांची घरपोच लायब्ररी असते, तसं ते आहे. आपण एकदा सांगायचं, मला ही आणि ही मासिकं हवीत. मग माणूस पिशवी घेऊन दारात येतो. आपल्याला दुकानोदुकान हिंडावं लागत नाही आणि न मागितलेलं काही तो आणत नाही. फीड रीडरला आपल्याला हव्या त्या साइटचे पत्ते द्यायचे. तिथे काही नवीन लिहिलं गेलं, की ते आपल्याकडे ओळीनं येऊन बसतं. मध्ये जाहिरात नाही, कुणाचं लग्न नाही, 'तुम्हाला हेही आवडेल' नाही. मी त्यात कप्पे केले. एक मराठी पुस्तकांचा, एक विज्ञानाचा, एक ग्रंथपालांच्या ब्लॉगचा. आणि एक कप्पा मी 'उगीच' या नावाचा केला. त्यात मला आवडतात म्हणून घेतलेले लोक होते.

सुरुवातीला हौसेनं इतके पत्ते घातले, की न वाचलेल्यांचा आकडा रोज वाढत गेला. मी शाळेत गृहपाठ कधी बुडवला नव्हता. तो आकडा बघून मला बसमध्ये अपराधी वाटायला लागलं. पप्पांनी एकदा रात्रीच्या जेवणाला विचारलं, "काय झालं गं? तोंड असं का?"

"खूप वाचायचं राहिलंय."

"कुणी सांगितलंय?"

"कुणीच नाही."

"मग राहू दे की," ते म्हणाले आणि भाकरी मोडली. पप्पा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत. टेबलावर साठलेलं बघून त्यांची झोप कधी उडाली नाही.

त्या ॲपमध्ये एक बटण आहे. ते दाबलं की साठलेलं सगळं वाचलं असं धरलं जातं. मी ते दाबलं. काही झालं नाही. कुणी रागावलं नाही. दुसऱ्या दिवशी नवीन पिशवी आली, हलकी. त्यानंतर मी दर महिन्याला पत्ते कमी करायला लागले. जे रोज दहा वेळा ओरडतात ते काढले. जे महिन्यातून एकदा पण नीट लिहितात ते ठेवले. ग्रंथपालाला पुस्तक घेण्याइतकंच पुस्तक न घेणंही यावं लागतं, हे मी शिकले होते. ते इथेही लागू होतं एवढंच.

तर सकाळच्या अर्ध्या तासात मी हे वाचायची, त्यातलं थोडं निवडायची आणि लायब्ररीच्या दाराशेजारच्या फळ्यावर खडूनं लिहायची. शाळेत मुलांना फोन आणायला बंदी आहे, आणि शिक्षकांना लिंक पाठवली तर ते अंगठा दाखवतात आणि उघडत नाहीत. फळा मात्र सगळे वाचतात. 'मुंग्या पावसाआधी काय करतात? आत विचारा.' असं लिहिलं की मधल्या सुट्टीत निदान दोन-चार जण आत येऊन विचारत. त्यांना द्यायला मी पानं छापून ठेवलेली असत.

पर्यवेक्षिका बाई येता-जाता तो फळा वाचत. एकदा म्हणाल्या, "मुंग्यांचं ठीक आहे. आमच्या गेटवरच्या मुंग्यांचं बघा कधीतरी." आणि पुढे गेल्या.

शाळेचा शिक्षकांचा ग्रुप मी आवाज बंद करून ठेवला होता. तिथे पहाटेपासून सुविचार येतात. त्यामागोमाग दिनविशेष, मग सांधेदुखीवर मेथी, मग मेथीवर हात जोडलेले. परिपाठातल्या बातम्याही त्या ग्रुपवरूनच उचलल्या जात. ज्या वर्गाची पाळी असेल त्या वर्गाच्या बाई फोनवर बघून मुलीला कागदावर लिहून देत. मुलगी ते माइकवर वाचायची आणि सगळी शाळा ते ऐकायची. मला ते खटकायचं. पण माझ्याकडे कुणी मत मागितलं नव्हतं.

सहामाही परीक्षा तोंडावर आली होती. दिवाळी त्यानंतर लगेच. त्या सकाळी मी नेहमीसारखी लायब्ररीत बसले होते. शिपाई मामा दारात आले.

"मॅडम, त्या गोष्टीवाल्या आजोबांचं पुस्तक द्या. मागे फोटो असतो ना, तो मोठा करून हवाय."

गोष्टीवाले आजोबा म्हणजे एक वयस्कर लेखक. त्यांच्या गोष्टी आमच्या पाचवी ते आठवीच्या मुलांनी इतक्या वाचल्यात, की एका पुस्तकाची बांधणी मी दोनदा करून घेतली होती.

"कशाला फोटो?"

"गेले ना ते. काल. परिपाठाला श्रद्धांजली आहे. मी हार आणायला चाललोय."

मी ग्रुप उघडला. 'ज्येष्ठ बालसाहित्यिकाचे काल दुपारी अल्पशा आजाराने दुःखद निधन.' खाली दोन समया. खाली हात जोडलेल्यांची रांग. कुणीतरी 'एका युगाचा अंत' असंही लिहून मोकळं झालं होतं.

मला दुःख झालं नाही. कारण तासाभरापूर्वी, स्वारगेटला बस बदलताना, मी या आजोबांना वाचलं होतं. ते एक ब्लॉग लिहितात, लहर लागेल तसा, आणि ते माझ्या 'उगीच' कप्प्यात होते. त्या पहाटे त्यांचं नवीन काही आलं होतं आणि वाचून मी रांगेत उभ्या उभ्या हसले होते.

मी पुस्तक मामांना दिलं नाही. "थोडं थांबा," म्हटलं आणि फोन घेऊन मैदानावर गेले.

वर्ग रांगेत येत होते. स्टेजवर टेबल, टेबलावर पांढरं कापड, उदबत्तीचा पुडा. परिपाठाची पाळी सातवीची होती. एक मुलगी कागद हातात धरून ओठ हलवत पाठ करत होती. पर्यवेक्षिका बाई माइकची उंची तिच्या मापानं करत होत्या. गेटवर वाट अडवणारे पालक बघून त्या नुकत्याच आल्या होत्या आणि त्यांचा पारा चढलेला होता.

मी स्टेजच्या पायरीवर चढले. मान गरम झालीच.

"बाई, ते गेलेले नाहीत."

"कोण कुठे गेलेलं नाही?"

"लेखक. त्यांनी आज पहाटे लिहिलंय. हे बघा."

त्यांनी फोन हातात घेतला नाही. "अहो, लिहिलेलं आधी ठेवून देता येतं आणि ते नंतर आपोआप लागतं. माझा भाचा ते करतो. माणूस गेला तरी पोस्ट येऊ शकते."

आता, हे खरं होतं. मैदान ओलांडताना मला स्वतःलाही तेच सुचलं होतं आणि म्हणूनच मी चालता चालता ती पोस्ट पुन्हा एकदा वाचली होती.

"येऊ शकते," मी म्हणाले. "पण यात त्यांनी लिहिलंय, काल दिवेलागणीला त्यांच्याकडचे लाइट गेले. ग्रुपवर म्हटलंय ते दुपारी गेले. लाइट कधी जाणार ते कुणाला आधी लिहून ठेवता येत नाही."

पर्यवेक्षिका बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग फोनसाठी हात पुढे केला.

"कुठे राहतात हे?"

"वारज्याला."

त्या वाचत होत्या आणि त्यांचा चेहरा वेगळा होत होता. मला आधी कळलं नाही का. मग त्या म्हणाल्या, "मी वारज्यालाच राहते. गेले होते लाइट. कुकर लावायच्या वेळेला गेले, जेवणं झाल्यावर आले."

खाली हजार पोरं उभी होती आणि प्रार्थनेची पेटी वाजायला लागली होती. मोठ्या बाई जवळ येऊन म्हणाल्या, "काय चाललंय?" पर्यवेक्षिका बाईंनी एका वाक्यात सांगितलं, "बाई, ते जिवंत आहेत आणि भडंग खातायत."

तेवढ्यात मामा झेंडूचा हार घेऊन आले.

प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली. श्रद्धांजलीची वेळ आली तेव्हा त्या सातवीतल्या मुलीच्या हातातला कागद काढून घेतलेला होता आणि तिच्याकडे माझा फोन होता. तिनं तो दोन्ही हातांत धरून वाचला. काल दिवेलागणीला आमच्याकडचे लाइट गेले. लिफ्टमध्ये कुणी अडकलं नाही ना हे बघायला सगळे जिन्यात आले आणि नंतर कुणी घरात जाईना. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी पातेलंभर भडंग आणलं. भडंगातले शेंगदाणे वेचून खाल्ले की बायको रागावते. अंधारात ती दिसत नव्हती, म्हणून मी सगळे वेचले. लाइट आले तेव्हा कळलं, की पातेल्यात तिचाही हात होता.

मैदान हसलं. पाचवीच्या रांगा तर मोडल्याच. त्यांना आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहणार होतो हे माहीतही नव्हतं.

परिपाठ संपल्यावर हार तसाच टेबलावर पडून होता. पर्यवेक्षिका बाईंनी तो उचलला आणि सगळ्यांच्या देखत मला म्हणाल्या, "आता हा कुणाला घालू? तुम्हाला?"

"नको बाई," मी म्हणाले. "मी पण जिवंत आहे."

या शाळेत मी मोठ्यानं केलेला तो पहिला विनोद. शेवटी हार सरस्वतीच्या फोटोला गेला. ती बातमी कुठून सुटली होती ते कधीच कळलं नाही. ज्यांनी ती ग्रुपवर टाकली होती त्यांनीच मधल्या सुट्टीत तिथे लिहिलं, 'कृपया खात्री करून पाठवत जावे.' त्यालाही हात जोडलेले आले.

मला वाटलं, अर्धा तास वाचला. तसं झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून लोक मला पाठवायला लागले. खरं आहे का बघा. हे हळदीचं खरं का? हे रेल्वेचं? शनिवारी सुट्टी जाहीर झाली म्हणतात, ते? मी फोन उघडायची तर 'उगीच' कप्प्यापर्यंत पोहोचायच्या आधीच गेटची घंटा व्हायची. मी बसल्या जागी गेटवरच उभी होते. फक्त नखांऐवजी फॉरवर्ड बघत होते.

सुट्टीच्या आधीच्या मीटिंगला मोठ्या बाईंनी विषय काढला. "ग्रंथपालांच्या अर्ध्या तासाचं काय करायचं?"

पर्यवेक्षिका बाई म्हणाल्या, "राहू दे तो त्यांना. उपयोग दिसला सगळ्यांना. फक्त ग्रुपवर काय येतं ते सकाळी ह्या तपासतील. तेवढं त्यांच्याकडे लावून टाका."

सगळ्यांनी माना हलवल्या. मोठ्या बाई लिहायला लागल्या. त्यांनी ते लिहिलं असतं, तर अर्धा तास कागदावर माझा राहिला असता आणि वाचन गेलं असतं.

"नाही बाई," मी म्हणाले.

त्यांचं पेन थांबलं.

"ती बातमी खोटी आहे हे मी शोधलं नाही. मी त्यांना आधीपासून वाचत होते, म्हणून मला कळलं. मी रोज सकाळी फॉरवर्ड तपासत बसले, तर माझं वाचायचं राहील. मग पुढच्या वेळी मलाही कळणार नाही. मी पण हात जोडीन." मान तापलीच होती, पण शब्द एकामागे एक बरोबर येत होते. "विषय सांगा, मी त्यातलं चांगलं काय ते शोधून देईन. परिपाठाच्या बातम्याही मी काढून देईन, जिथून घेतल्या त्याचं नाव घालून. पण ग्रुप मी बघणार नाही. त्याचा आवाज मी बंदच ठेवलाय."

"आमचाही आवाज बंद?" कुणीतरी मागून म्हणालं. लोक हसले. मीही हसले. पण मागे घेतलं नाही.

मोठ्या बाईंनी लिहिलेलं खोडलं. "परिपाठाच्या बातम्या ग्रंथालयाकडून," त्यांनी मोठ्यानं म्हणत लिहिलं. "सकाळचा अर्धा तास, वाचन." मग पर्यवेक्षिका बाईंकडे वळल्या. "गेटचं वाटून घ्या बाकीच्यांत. तुम्हीही."

"माझी नखं बघायची हौस फिटायचीच होती अजून," पर्यवेक्षिका बाई म्हणाल्या.

दिवाळीनंतर शाळा सुरू झाली. त्यांची गेटची पाळी नव्हती अशा एका सकाळी त्या लायब्ररीत आल्या आणि समोरची खुर्ची ओढली.

"ते तुमचं ॲप माझ्या फोनात घालून द्या. पण त्यात सुविचार आले तर बघा."

"काय वाचायला आवडतं तुम्हाला?"

त्यांना हे कुणी बऱ्याच वर्षांत विचारलं नसावं. "सांगते," म्हणाल्या आणि उठून गेल्या. पुढच्या वेळी आल्या तेव्हा उभ्या उभ्याच म्हणाल्या, "समुद्र. वरचा नाही. तळाशी काय असतं ते."

मी शोधलं. मराठीत नियमित लिहिणारं कुणी मिळालं नाही, म्हणून खोल समुद्रावर लिहिणाऱ्या दोन इंग्रजी साइट घालून दिल्या. तिसरं काही घातलं नाही. आता पाळी नसेल तेव्हा त्या सकाळी येतात आणि समोर बसून वाचतात. इंग्रजी त्या सावकाश वाचतात. अडलं की फोन माझ्यापुढे धरतात, मी अर्थ सांगते, त्या मान हलवतात. पण ओठांशी पुटपुटत वाचायची त्यांना सवय आहे आणि त्या पुटपुटण्यानं माझी ओळ सारखी चुकते. काही दिवस मी सहन केलं. मग एका सकाळी मी पाचवीच्या मुलांना सांगते त्याच आवाजात म्हणाले, "बाई, मनातल्या मनात."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मीही बघत राहिले. मग त्यांनी फोन जरा जवळ धरला, ओठ मिटले आणि वाचायला लागल्या.